फ्रंट माउंट इंटरकूलर आणि ‘फुकटचे पंचवीस बीएचपी’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मामेभावाने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली एवढंच लिहिलं: “दादा, करून टाकू का?” त्याच्याकडे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे, टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. मेसेज गाडीवेड्यांच्या ग्रुपांमध्ये बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: टर्बो गाडीला मोठा फ्रंट माउंट इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी, बंपरमागे बसणारी जाळी) लावा, रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर न बदलता २०-२५ बीएचपी वाढतात, जेवढा मोठा कोअर, म्हणजे ती जाळी, तेवढा फायदा, इंजिन थंड राहतं, घाटात गाडी तापत नाही, कंपनीने पैसे वाचवायला छोटा बसवलेला असतो, काम दोन तासांचं, बंपरच्या आत थोडं कापावं लागतं, आणि बाहेरून काही दिसत नसल्याने आरटीओचा प्रश्नच नाही.

इंटरकूलर मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे, म्हणूनच हे लिहितोय. या मेसेजवर विसंबून लोक पैसे घालवतात, आणि काही जण त्याहून मोलाचं काही गमावतील अशी भीती वाटते.

आधी बीएचपीचं बघू. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि दाब दुप्पट केला, तर कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरून हवा साधारण १३० अंशांवर बाहेर पडते. बाहेरच्या आणि या हवेच्या तापमानात जो फरक आहे, त्यातला ७० टक्के भाग मूळचा इंटरकूलर काढून टाकतो असं धरा. इंजिनात जाणारी हवा ६४ अंशांवर येते. मोठा, चांगला इंटरकूलर ८५ टक्के काढेल, म्हणजे ५० अंश. या १४ अंशांनी हवा किती दाट झाली? केल्व्हिनमध्ये भागाकार केला तर ४ टक्क्यांच्या जरा वर. १८० बीएचपीच्या गाडीत त्याचे ७-८ होतात. २५ कुठून आले?

आणि तेही कागदावरच. आजच्या टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ‘किती टॉर्क द्यायचा’ हे आधी ठरवतो आणि त्यासाठी लागेल तेवढीच हवा आत घेतो. हवा थंड आणि दाट मिळाली तर तो बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करतो आणि ठरलेल्या आकड्यावरच थांबतो. म्हणून कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर, थंड सकाळी, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) फरक जवळजवळ दिसतच नाही. फरक दिसतो तो पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून मारलेल्या चौथ्या-पाचव्या ओढीला, मे महिन्याच्या दुपारी. तापलेल्या हवेने नॉकिंगचा (पेट्रोल भलत्या वेळी भडकण्याचा) धोका वाढला की ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी मरगळते. चांगला इंटरकूलर ही मरगळ येऊ देत नाही. गाडीची जी ताकद उन्हात हरवत होती, ती परत मिळते. माझ्या मते हाच त्याचा खरा आणि मोठा फायदा आहे, पण तो ‘पंचवीस वाढले’ या वाक्यात बसत नाही. त्याहून जास्त हवं असेल तर रिमॅपला पर्याय नाही. आणि भावाच्या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनलेला आहे, इंजिन मूळचंच तेवढं देतं. मेसेजमध्ये गिअरबॉक्सचा उल्लेखसुद्धा नाही.

‘जेवढा मोठा तेवढा चांगला’ हे अर्धंच खरं. कोअर मोठा झाला की हवेला आत फिरायला जागा मिळते, पण फिन (जाळीतल्या पातळ पत्र्या) दाट असतील किंवा टोकाच्या टाक्यांचा आकार बेढब असेल तर दाबाची घट वाढते. तेवढा दाब भरून काढायला टर्बो जास्त फिरतो आणि हवा आणखी तापवतो. बार अँड प्लेट प्रकारचा, जाड पट्ट्यांनी बांधलेला कोअर जड असतो. एक-दोन ओढींपुरती उष्णता तो पोटात घेतो, पण एकदा तापला की निवायलाही वेळ लावतो. (मोठ्या पाइपिंगमुळे लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, प्रचंड वाढतो असंही काही जण सांगतात, तेही फुगवलेलं आहे. अडीच इंची पाइप एक मीटर जास्त लागला तर आकारमान सुमारे ३ लिटर वाढतं आणि १.८ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ४५ लिटरच्या आसपास ओढतं, म्हणजे फरक क्षणाचाही नाही.) बाहेरची हवा कोअरमधूनच जायला हवी, त्याला वळसा घालून नको. हवा सोपी वाट धरते. कोअरच्या चारी बाजूंनी फटी मोकळ्या ठेवल्या तर ती फटींतून निघून जाते आणि महागडा कोअर नुसता लटकत राहतो. फोम किंवा पत्र्याने त्या फटी बंद करणं हे काही शेकड्यांचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत नेमकं तेच केलेलं नव्हतं.

इंजिन थंड राहतं हा दावा उलटा आहे. इंटरकूलर इंजिनात जाणारी हवा थंड करतो. इंजिन थंड करतो तो रेडिएटर. जाड कोअर तुम्ही एसीच्या कंडेन्सरपुढे आणि रेडिएटरपुढे उभा केला की त्या दोघांना मिळणारी हवा कमी आणि गरम होते. खंबाटकीच्या चढणीवर ट्रकच्या मागे, एसी चालू, दुसऱ्या गिअरमध्ये: तिथे कूलंटचं तापमान चढेल, उतरणार नाही.

कंपनीने पैसे वाचवले म्हणावं, तर इंटरकूलर कुठे आणि कसा बसवायचा हे गाडीच्या मांडणीवर ठरतं. १९७८ची पोर्श ९११ टर्बो ३.३ बघा. तिचा इंटरकूलर मागे, स्पॉयलरखाली होता, कारण इंजिन मागे होतं. सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये आणि आपल्याकडच्या जुन्या ३ लिटर फॉर्च्युनरमध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर बसतो. बोनेटवरचा स्कूप त्यासाठीच आहे. हवेची वाट लहान राहते. बदल्यात ट्रॅफिकमध्ये इंजिनाची धग त्याला लागते. पोलो १.० टीएसआयमध्ये तर तो पाण्याने थंड होणारा, थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला आहे. तिथे ‘फ्रंट माउंट लावून दे’ म्हणणं म्हणजे हवेचा सगळा मार्गच नव्याने बांधणं.

आता ते ‘दोन तास’. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या टर्बो पेट्रोल गाडीला हे काम करून घेतलं. आम्ही गॅरेजवर पोहोचलो तेव्हा बंपर खाली होता, ग्राइंडर फिरत होता आणि बंपरमागच्या क्रॅश बीमचा तळ कापून झाला होता. कडा अजून निळसर दिसत होती. “बंपर लावला की दिसत नाही,” कारागीर म्हणाला. तो बीम धडकेचा भार दोन्ही बाजूंच्या चॅसिस रेल्समध्ये वाटतो. समोरची धडक किती वेळात आणि कशी पुढे जाते, यावर एअरबॅग केव्हा उघडायची तेही अवलंबून असतं. तुमच्या शेजारी आई बसलेली असताना तो बीम अख्खा हवा. जो किट बीम कापल्याशिवाय बसत नाही तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

त्या गाडीची गोष्ट तिथेच संपली नाही. संध्याकाळी चेक इंजिनचा दिवा लागला आणि ओढ गेली. दुसऱ्या दिवशी टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने जेमतेम एक बार हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. थ्रॉटल बॉडीजवळच्या सिलिकॉन होजवर बुडबुड्यांची रांग उठली. होज सरकू नये म्हणून पाइपच्या टोकाला जी उठावाची कडा लागते ती काढलेलीच नव्हती, आणि आत तेलाचा ओशटपणा होता. होज मागे सरकत होता. एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत अशी मोजून झालेली हवा गळली की ईसीयू पेट्रोल जास्तीच्या हिशोबाने टाकत राहतो. टोक पुसून, कडा काढून, टी-बोल्ट क्लॅम्प लावून पुन्हा तपासणी: यात पूर्ण दिवस गेला.

आरटीओचं थोडक्यात. बाहेरून न दिसणं म्हणजे नियमात बसणं नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर मर्यादा घालतं आणि २०१९च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ(४)नुसार, परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आड येतो, आणि कापलेला बीम सर्वेयरला नक्की दिसतो.

भावाला मी एवढंच कळवलं: आधी आहे त्या इंटरकूलरचे आणि कंडेन्सरचे फिन धुऊन घे, चिखलाने निम्मे बुजलेले असतील. मग ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारं) लावून इनटेक हवेचं तापमान बघ, बाहेरच्या तापमानाशी ताडून. फरक चढणीवर वाढतच राहिला, तर मूळ जागी बसणारा मोठा कोअर बघू, बीमला हात न लावता. येत्या रविवारी आम्ही दोघं खंबाटकी चढणार आहोत, डोंगल मी आणतोय.