सोलापूर विद्यापीठाची पदवी यूपीएससीला चालते

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठाची पदवी यूपीएससीला चालत नाही, मुलांना पुण्यालाच पाठवा.’ हे साफ चुकीचं आहे.

फक्त सोलापूर जिल्ह्यापुरतं असलेलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं. आज त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. ते राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याखालचं विद्यापीठ आहे, आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार अशा विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असतो. यूपीएससी तेवढंच पाहते. विद्यापीठात जिल्हे किती, हे नाही. पुणे विद्यापीठालाही राज्याचा तोच २०१६ चा कायदा लागू आहे. निव्वळ अशा मेसेजपायी कर्ज काढून मुलांना लांब पाठवणारे आईबाप पाहिले की जीव तुटतो.

हवा तो विषयच इथे नसेल, तर बाहेर जावंच लागेल, हे खरं. पण विषय असेल, तर आधी कॉलेजात जाऊन या. त्या विभागात कायम प्राध्यापक किती, प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं नियमित होतात का, ते विचारा. कॉलेजचं नॅक मूल्यांकन (दर्जाची अधिकृत तपासणी) विद्यापीठापेक्षा वेगळं असतं, तेही बघा.