अडेनियमचा काढा चुकूनही घेऊ नका

जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीला नात्यातल्या ग्रुपवर मेसेज आला: 'अडेनियम म्हणजे वाळवंटी गुलाब. कुठल्याही मातीत लावा, रोज पाणी घाला, रात्रीही ऑक्सिजन मिळेल. पानांचा काढा घ्या, हृदय बळकट होतं.' मावशीला बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि गच्चीवर अडेनियमची कुंडी आहे. 'किती पानं घ्यायची गं?' असा तिचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं.

आधी काढ्याचं बोलू. अडेनियमचा गुलाबाशी काडीचा संबंध नाही, ते कण्हेरीच्या कुळातलं आहे. येमेनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या फोर्स्कोल या शास्त्रज्ञाच्या १७७५ साली छापलेल्या ग्रंथात तर त्याचं नावच 'नेरियम ओबेसम' आहे, आणि नेरियम म्हणजे आपली कण्हेर! पुढे वंश वेगळा ठरला, पण विष कण्हेरीसारखंच. आफ्रिकेतले शिकारी याची मुळं-खोडं उकळून, रस आटवून बाणांना लावायचे. म्हणजे उकळल्यानं विष मरत नाही, उलट घट्ट होतं. मेसेजमधला काढा याहून वेगळा काय आहे?

हो, याच धर्तीच्या द्रव्यांपैकी डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध आहे, तेवढं मान्य. पण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. मूठभर पानांत किती विष आहे हे कोण मोजणार? उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकतात, जीवही जाऊ शकतो. कुणी घेतलाच असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, पानं सोबत घेऊन तडक सिव्हिल गाठा.

रात्रीच्या ऑक्सिजनचं थोडक्यात: उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन तयार करत नाही. काही मांसल झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचीच ही मोडतोड.

माती-पाण्याचा सल्ला मात्र सोलापुरात झाडाच्याच मुळावर येईल. इथलं ऊन त्याला मानवतं, काळी माती नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. बारीक मुरूम, जाडी वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्या, कुंडीचं भोक मोकळं ठेवा. उन्हाळ्यात वरची माती सुकली की पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घ्या. फुगीर बुंधा बोटानं दाबून बघा: टणक असेल तर ठीक, पिचपिचीत लागला तर पाणी तोडा आणि झाड उपटून सडका भाग कापून टाका. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

मावशीची कुंडी गच्चीवरच राहणार आहे. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल, तर पाठवणाऱ्याला आजच फोन करा.