उत्तम स्क्रू कसे व्हावे

वाचकहो, स्टालिनच्या राज्यात सुखाने नांदायचे असेल, तर 'मी' हे प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनाम आधी जिभेवरून उतरवा. १९२९ च्या अखेरीस तुमची गाय, नांगर आणि शेत कोल्खोजमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीत, जमा करून घ्यायला पक्षाची माणसे दारात येतील, तेव्हा 'माझी गाय' म्हणू नका. असे माझे-तुझे करणाऱ्याला तिथे कुलक, म्हणजे गबर शेतकरी, म्हणतात आणि कुलकाची रवानगी बिऱ्हाडासकट सैबेरियात होते. शेते जमा करण्याच्या या घाईचा फारच बोभाटा झाला, की २ मार्च १९३० च्या 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात खुद्द स्टालिनचा लेख वाचायला मिळेल आणि यशाची धुंदी चढलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनीच सारा घोटाळा केला, हे तुम्हांला कळेल. धोरण समूहाचे असते, चूक मात्र ज्याची त्याची.

भूक हाही मोठा व्यक्तिवादी विकार आहे. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक मालमत्ता पवित्र ठरवली आहे, त्यामुळे कापणीनंतर शेतात राहिलेली चार कणसे उचललीत, तरी शिक्षा गोळीची, आणि फारच दया आली तर दहा वर्षांची. धान्य सर्वांचे आहे म्हणूनच ते तुमचे नाही, हे तर्कशास्त्र रिकाम्या पोटी समजायला जरा जड जाते. गाव सोडून जावे म्हणाल, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेला अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात फिरण्या-राहण्याचा परवाना, कोल्खोजच्या शेतकऱ्यासाठी नाही.

तथापि व्यक्ती अगदीच वर्ज्य आहे, असे समजू नका. ३१ ऑगस्ट १९३५ रोजी दोनबास या कोळसाखाणींच्या भागातील स्ताखानोव या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा खणला, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या चौदापट. त्याच्यामागे लाकडी टेकू लावत जाणारे आणखी दोघे होते. पण त्यांची चौकशी करू नका, सामूहिक श्रमाचा नायक एकवचनीच शोभतो. तुमच्या वाट्याला १९३६ मध्ये वाढवलेले कामाचे माप येईल.

विवाहितांनी विशेष जपावे. १९३७ पासून नवरा देशद्रोही ठरला, की बायकोचीही सक्तमजुरीच्या छावणीत सोय होते. सहजीवनाला इतके गांभीर्याने घेणारे सरकार विरळाच.

एवढे सगळे पाळून जिवंत राहिलात, तर जून १९४५ मध्ये क्रेमलिनच्या मेजवानीत स्टालिन राज्ययंत्रातल्या साध्यासुध्या 'स्क्रूं'साठी चषक उंचावेल. ते स्क्रू म्हणजे तुम्हीच. नावाची अपेक्षा ठेवू नका. १९४९ साली त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाचा आहेर मात्र स्वतःच्या नावानिशी पाठवा. तो मांडण्यासाठी मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातली चित्रे हलवून जागा केलेली आहे.