बी भटजीचा

मॉडेमचे सगळे दिवे स्थिर, आणि ब्राउझरमध्ये मात्र केबल-इंटरनेट कंपनीचं एकच पान: 'स्वागत आहे, आपलं खातं सुरू करा.' परवापासून तिसरं स्वागत. इथे न्यू जर्सीत भाड्याचा मॉडेम परत करून स्वतःचा डॉक्सिस ३.१ (केबल इंटरनेटच्या मानकाचा) मॉडेम आणला, की कस्टमर केअरला फोनवर त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, सांगायचा, बस. १२ अक्षरं.

"बी," मी म्हणालो.

"डी?"

"बी. बी फॉर बॉम्बे."

"सर, आता मुंबई झालं ना? मग एम."

"एम असूच शकत नाही हो! यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढंच असतं."

"ओके सर. एफ."

सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या मावशी सोफ्यावरून म्हणाल्या, "अरे, बी भटजीचा म्हण. डी डब्याचा." आता ए ते एफ या सहा अक्षरांपैकी बी, सी, डी, ई ही चार सरळ यमकात बसतात. ज्यांनी ही निवडली त्यांनी कस्टमर केअरला कधी फोन केला नसावा. त्यात मॉडेम-राउटर एकत्र असलेल्या डब्याच्या स्टिकरवर दोन-तीन मॅक छापलेले असतात. त्यातला 'सीएम मॅक', म्हणजे केबल मॉडेमचा, लिहिलेलाच सांगायचा. वायफायचा सांगितलात तर पुन्हा तेच स्वागत.

संताप याचा, की मॉडेमने स्वतःची ओळख कधीच पटवलेली असते. तो आधी केबलमधला सिग्नल शोधतो, मग आपला आवाज किती चढवायचा ते कंपनीच्या सीएमटीएसला, म्हणजे केबलच्या पलीकडच्या टोकाच्या यंत्राला, विचारून ठरवतो. त्यानंतर कारखान्यातच आत बसवलेलं सर्टिफिकेट पुढे करतो. त्यात त्याचा मॅक आणि पब्लिक की, म्हणजे सगळ्यांना दाखवायची किल्ली, असते, त्यावर सर्टिफिकेट देणाऱ्याची सही, आणि त्या सहीची साखळी थेट मूळ सर्टिफिकेटपर्यंत. पलीकडचं यंत्र सही तपासतं आणि ऑथरायझेशन की, म्हणजे परवानगीची किल्ली, त्याच पब्लिक कीने कुलूपबंद करून पाठवतं. ती उघडणारी प्रायव्हेट की फक्त या डब्यात. म्हणून दुसऱ्याचा नुसता मॅक चोरून भागत नाही. नंतर प्रत्यक्ष डेटाची किल्ली मिळते. ती साधारण १२ तासांची, ऑथरायझेशनची ७ दिवसांची, आणि मुदत संपायच्या आत दोन्ही आपोआप बदलतात.

"म्हणजे हयातीचा दाखला," मावशी म्हणाल्या. त्यांचा अंगठा नोव्हेंबरात चार वेळा यंत्राला पटला नव्हता, त्यामुळे मॉडेमबद्दल त्यांना उगाच असूया वाटली. (ही कुलपं मॉडेम ते सीएमटीएस एवढ्याच रस्त्यावर असतात हं. पुढे ज्याचं त्याने बघावं.)

तर दिवे खोटं बोलत नव्हते. मॅक खात्याला जोडलेला नसला, तरी मॉडेमला एक कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे काय करू द्यायचं याची यादी, मिळते. फक्त ती कुंपणातली असते, त्या स्वागताच्या पानापलीकडे जाऊ देत नाही. खात्यावर चढला होता तो भलताच कुणीतरी डी-वाला.

"सर, मागचं बटण तीस सेकंद दाबून फॅक्टरी रीसेट करा."

का? त्याने लक्षात ठेवलेली फ्रिक्वेन्सी पुसली जाते आणि बिचारा सगळा पट्टा पहिल्यापासून चाळत बसतो. त्याआधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हे मॉडेमचं स्वतःचं पान उघडून पाहावं: येणाऱ्या सिग्नलचा जोर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ डीबीच्या वर असावा. जाणारा ५० च्या पुढे चढला असेल आणि लॉगमध्ये टी३ ची, म्हणजे मॉडेमच्या हाकेला वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदींची, रांग असेल, तर आधी एक केबल अनेक ठिकाणी वाटणारा स्प्लिटर बघावा. चार तोंडांचा असेल तर प्रत्येक तोंडाला सुमारे ७ डीबी खातो. माझ्याकडे सगळं चोख होतं. बिघाड कानात होता.

चौथ्या फोनवर बी एकदाचा बी झाला. दिवे तेच, फक्त स्वागत गेलं. मग बिल उघडलं: परत केलेल्या मॉडेमचं भाडं अजून चालूच. परत दिलेल्या यंत्राचं भाडं घ्यायला अमेरिकेच्या २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, हेही पाठ करून सांगितलं.

"बरोबर आहे सर, लगेच काढतो. फक्त त्या जुन्या मॉडेमचा मॅक ॲड्रेस सांगता का?"

"सांग," मावशी सावरून बसल्या. "सी चकलीचा."