खुलासा : 1830 च्या फुगीर बाह्या नुसत्या खळीवर उभ्या नव्हत्या

1830 च्या सुमाराच्या युरोपीय व्यक्तिचित्रांतल्या अवाढव्य बाह्या केवळ चुण्या आणि खळीवर उभ्या राहत, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. आत अनेकदा पिसं भरलेली वेगळी उशी नाड्यांनी बांधलेली असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी जोडी आहे.

चित्रावरून अशी बाही शिवत असाल तर उशीला घट्ट विणीचं सुती कापड घ्या, नाहीतर पिसांचे देठ टोचतात. दोन तृतीयांशच भरा. ठासली की चित्रातला सैल डौल जातो. खरी फसगत मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे अंगाच्या कापडाला जोडतात त्या शिवणीत होते. त्या काळी ही शिवण खांद्याखाली, दंडावर येई. आजच्यासारखा मुंढा कापलात तर फुगा खांद्यावर चढतो आणि थेट 1895 ची बाही तयार होते! 1836 नंतरचं चित्र असेल तर उशी वगळा, वरच्या चुण्या दंडाला चपट्या बसवा.