‘बरा झालाय, खेळू द्या’: वारंवार कन्कशन झालेल्या फुटबॉलपटूबद्दलच्या मजकुराला उत्तर

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या नावाजलेल्या खेळाडूला तिसऱ्या-चौथ्यांदा कन्कशन (डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम बिघडणं) झालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: कन्कशन म्हणजे डोक्याला आलेली मुरगळ. विश्रांती घेतली, लक्षणं गेली, स्कॅन स्वच्छ आला, डॉक्टरांनी परवानगी दिली, विषय संपला. आताची हेल्मेट पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. ‘तीन कन्कशननंतर थांबा’ असा नियम शास्त्रात कुठेही नाही. मेंदूच्या कायमच्या आजाराची आकडेवारी फुगवलेली आहे. आणि खेळाडू सज्ञान आहे, धोका त्याचा, निर्णयही त्याचा.

यातले दोन मुद्दे बऱ्याच अंशी खरे आहेत, आणि त्यांच्या आडोशाने बाकीचे खपून जातात. म्हणून एकेक मुद्दा वेगळा काढून पाहू.

‘कन्कशन म्हणजे डोक्याला आलेली मुरगळ’

घोटा मुरगळला तर सूज दिसते, पाय टेकवत नाही, लंगडणं लपत नाही. मेंदूच्या बाबतीत असं काही दिसत नाही. डोकं झटक्यात फिरतं किंवा एकदम थांबतं तेव्हा कवटीच्या आत मऊ मेंदू पिळवटला जातो आणि पेशींना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हे पूर्वपदावर आणायला पेशींना एरवीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. ही तूट काही दिवस टिकते. डोकेदुखी थांबली म्हणजे तूट भरून निघाली, असं नाही.

या दिवसांत दुसरा मार बसला तर काय होतं? २००३ साली २,९०५ कॉलेज खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच हंगामात दुसऱ्यांदा कन्कशन झालेले १२ जण होते, आणि त्यातल्या ११ जणांना ते पहिल्यानंतर १० दिवसांच्या आत झालं होतं. आकडा लहान आहे, पण पेशींमध्ये जे घडतं त्याच्याशी तो जुळतो.

किशोरवयात याहून वाईट, क्वचितच पण जिवावर बेतणारा प्रकार होतो. पहिल्या मारातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला की रक्तवाहिन्यांवरचं नियंत्रण सुटतं आणि काही मिनिटांत मेंदूला प्रचंड सूज येऊ शकते. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट १३ वर्षांचा होता. २००६ मध्ये एका सामन्यात त्याचं डोकं जमिनीवर आपटलं, थोडा वेळ बाहेर बसवून त्याला त्याच सामन्यात परत उतरवलं, आणि सामना संपल्यावर तो मैदानावरच कोसळला. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. त्याच्या नावाचा कायदा २००९ मध्ये त्या राज्यात झाला. कन्कशनची नुसती शंका आली तरी मूल मैदानाबाहेर, आणि वैद्यकीय परवाना असलेल्या व्यक्तीने लेखी मान्यता दिल्याशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत ५० च्या ५० राज्यांत या धर्तीचे कायदे झाले. मुरगळलेल्या घोट्यासाठी कुणी असे कायदे करत नाही.

‘स्कॅन स्वच्छ आला’

यायलाच हवा. सीटी स्कॅन करतात तो रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर नाही ना, हे पाहायला. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं काम, आणि ते नेहमीच्या स्कॅनमध्ये उमटत नाही. स्वच्छ स्कॅनचा अर्थ इतकाच, की तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही. शुद्ध हरपली नव्हती, हा युक्तिवादही असाच पोकळ. बहुसंख्य कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही.

‘लक्षणं गेली, डॉक्टरांनी परवानगी दिली’

सगळ्या मजकुरात सर्वांत पटणारं वाक्य हेच, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं.

लक्षणं गेली, हे कळतं कसं? खेळाडू सांगतो म्हणून. मैदानाकडेला वापरतात त्या प्रमाणित तपासणीत २२ लक्षणांची यादी असते आणि प्रत्येकाला ० ते ६ गुण खेळाडूने स्वतः द्यायचे असतात. मग १० शब्द तीनदा वाचून दाखवतात आणि आठवायला सांगतात, आकडे आणि महिने उलटे म्हणायला लावतात, डोळे मिटून तीन प्रकारे २०-२० सेकंद उभं करून तोल किती वेळा गेला ते मोजतात. किमान पाच मिनिटांनी तेच १० शब्द पुन्हा विचारतात. नीट केली तर तपासणीला १० ते १५ मिनिटं लागतात. ती तीन-चार मिनिटांत उरकली असेल तर काहीतरी गाळलेलं आहे, हे नक्की. शिवाय ही चाचणी पहिल्या तीन दिवसांत सर्वांत उपयोगी, पुढे तिची धार बोथट होत जाते. दहाव्या दिवशी तीच चाचणी पुढे करून ‘पास झाला’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

खेळाडू खरं सांगतात का? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या शालेय फुटबॉलपटूंच्या पाहणीत, हंगामात कन्कशन झालेल्यांपैकी ४७.३ टक्क्यांनीच ते कुणाला सांगितलं होतं. न सांगण्याचं सर्वांत मोठं कारण ‘एवढं गंभीर वाटलं नाही’ हे होतं. दुसरी युक्ती हंगामाआधीची. तेव्हाच्या मूळ चाचणीत मुद्दाम कमी गुण पाडायचे, म्हणजे मार बसल्यावरचे गुण ‘नेहमीसारखे’ दिसतात. तिसरी, डोकेदुखीची गोळी घेऊन तपासणीला जायचं.

आता तुआ टॅगोव्हायलोआचं २०२२ चं उदाहरण बारकाईने पाहा. २५ सप्टेंबरला बफेलोविरुद्ध मायामीच्या या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) ढकललं गेलं, डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली. तो उठला, डोकं झटकलं, दोन पावलं चालला आणि गुडघ्यांतून लटपटला. सहकाऱ्यांनी सावरलं. तपासणी झाली, लटपटण्याचं कारण पाठीची दुखापत असं नोंदलं गेलं, आणि उत्तरार्धात तो परत खेळला. चार दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा पडला. या वेळी हाताची बोटं चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठ झाली आणि स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. चौकशीत निष्कर्ष निघाला, की पहिल्या दिवशी नियमाची अक्षरं पाळली गेली होती, पण नियमामागचा हेतू साधला गेला नव्हता. ८ ऑक्टोबरला नियम बदलला: मज्जासंस्थेमुळे तोल जाताना दिसला, तर कारण काहीही सांगितलं जावो, त्या दिवशी खेळ बंद. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या सामन्यानंतर त्याला पुन्हा कन्कशनचं निदान झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एकदा. प्रत्येक वेळी तो परतला तो रीतसर परवानगी घेऊनच.

म्हणजे परवानगी खोटी होती का? नाही. ती एका प्रश्नाचं उत्तर होती: ‘या वेळच्या कन्कशनमधून हा सावरला का?’ ‘याने पुढे खेळावं का?’ हा प्रश्नच वेगळा, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर नसतं. मजकूर लिहिणाऱ्याने एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही घाईत मिळत नाही. खेळातल्या कन्कशनवर २०२२ मध्ये झालेल्या ॲमस्टरडॅम परिषदेतून आलेला परतीचा क्रम सहा पायऱ्यांचा आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. घरातली हलकी कामं, चालणं चालतं, पडद्यासमोरचा वेळ मात्र कमी. हीच पहिली पायरी. मग सायकल किंवा चालण्याचा व्यायाम, आधी कमाल हृदयगतीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, नंतर ७० पर्यंत. तिसऱ्या पायरीवर एकट्याने धावणं, दिशा बदलणं. चौथीवर धडकेविना सराव, पाचवीवर पूर्ण धडकेचा सराव, सहावीवर सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. सुरुवातीच्या तीन पायऱ्यांत लक्षणं किंचित वाढली, म्हणजे दहापैकी दोन गुणांपर्यंत आणि तासाभरात ओसरणारी, तर हरकत नाही. चौथीवर पाऊल ठेवण्याआधी मात्र ती पूर्ण गेलेली हवीत, श्रम करतानाही.

चुकतं ते ठरलेल्या ठिकाणी. रविवारचा सामना गाठायचा म्हणून दोन पायऱ्या एका दिवसात उरकतात. चौथ्या पायरीवर डोकं दुखलं तर मागे यायचं असतं, ते कुणी येत नाही. पाचवी पायरी तर सर्रास गाळतात, कारण सरावात धडका हल्ली कमीच असतात. मग पहिली पूर्ण धडक थेट सामन्यात बसते. मार बसल्यावर खेळत राहणाऱ्यांची किंमत २०१६ च्या एका अभ्यासात मोजलेली आहे. लगेच बाहेर आलेल्या किशोर खेळाडूंना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, खेळत राहिलेल्यांना ४४.

‘तीनचा नियम शास्त्रात नाही’

बरोबर. नाहीच. तीन हा जादूचा आकडा नाही, आणि एखाद्याने दोनवरच थांबायला हवं असंही असू शकतं. पण आकडा नाही याचा अर्थ मोजायला काहीच नाही, असा होत नाही. वर सांगितलेल्या २००३ च्या अभ्यासात पूर्वी तीन किंवा अधिक कन्कशन झालेल्यांना नव्या कन्कशनचा धोका, आधी एकही न झालेल्यांच्या तिप्पट होता. त्यांच्यातल्या ३० टक्के जणांची लक्षणं आठवड्याहून जास्त टिकली. आधी एकच झालेल्यांत हे प्रमाण १४.६ टक्के होतं.

जाणकार बघतात तो आकडा नव्हे, कल. मार हलका होत चाललाय का, म्हणजे पूर्वी जोरदार धडकेने व्हायचं ते आता साध्या आपटण्याने होतंय का? सावरायला लागणारे दिवस वाढताहेत का? दोन वेळांमधलं अंतर कमी होतंय का? आणि मधल्या काळात झोप, चिडचिड, उजेडाचा त्रास, वाचताना हरवणं पूर्ण जातंय का? यातल्या एकाचं जरी उत्तर वाईट असलं तरी हंगाम सोडण्याची चर्चा सुरू व्हावी. दोनांचं वाईट असेल, तर खेळ सोडण्याची.

यासाठी एक वही लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते. तारीख, मार कसा बसला, पहिल्या तासात काय दिसलं, प्रत्येक लक्षण किती दिवसांनी गेलं, कुठल्या पायरीवरून मागे यावं लागलं. निदान न झालेले, ‘जरा झिणझिण्या आल्या’ असे प्रसंगही त्यात हवेत. शाळा, कॉलेज, क्लब बदलले की नोंदी मागे राहतात; वही खेळाडूबरोबर जाते.

‘आताची हेल्मेट’

हेल्मेटने जीव वाचवले, यात वाद नाही. १९७३ मध्ये त्यांच्यासाठी प्रमाण मानक आलं आणि डोक्याला मार लागून होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण हेल्मेट कवटीवर बसतं, मेंदू कवटीच्या आत फिरतो. नवीन आवरणं, सरावात वरून चढवायच्या मऊ टोप्या धक्क्याची तीव्रता कमी करतात. मेंदूला बसणारा पिळा शून्य करत नाहीत. हेल्मेट भुवयांच्या सुमारे एक इंच वर बसावं, हाताने फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत हलावी. सैल हेल्मेट असेल तर महागड्या मॉडेलचाही उपयोग नाही.

‘मेंदूच्या आजाराची आकडेवारी फुगवलेली आहे’

सीटीई हा तो आजार; त्यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं आणि निश्चित निदान मृत्यूनंतरच होतं. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी तपासलेल्या एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो सापडला. यावरून ‘९९ टक्के खेळाडूंना सीटीई’ म्हणणं चूकच आहे. मेंदू दान करतात ती मुख्यतः काहीतरी बिघडलेलं पाहिलेली कुटुंबं. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे.

पण हा आक्षेप किती जणांना हा आजार होतो, या प्रश्नापुरता आहे. दान केलेल्या मेंदूंच्या त्याच संग्रहातल्या मेंदूंची एकमेकांशी तुलना केली की वेगळीच गोष्ट दिसते. २०२३ मध्ये ६३१ मेंदूंचा अभ्यास आला. प्रत्येक खेळाडू कुठल्या जागेवर, किती वर्षं खेळला, यावरून त्याने आयुष्यभरात डोक्यावर एकूण किती जोराचा मार झेलला याचा अंदाज बांधला होता. सीटीईशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते या एकूण बेरजेचं. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून आजाराचा अंदाज बांधता आला नाही.

हे निष्कर्ष कन्कशन मोजत बसणाऱ्या आमच्यासारख्यांनाही टोचणारे आहेत. परत उतरलेला खेळाडू फक्त पुढच्या कन्कशनचा धोका पत्करत नाही. लक्षण न देणारे शेकडो धक्के पुन्हा सुरू होतात. लाइनमनच्या, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूच्या, तर जवळपास प्रत्येक चालीत. म्हणून धडकेचे सराव कापणं हे हेल्मेटपेक्षा मोठं काम आहे. एनएफएलने २०११ च्या करारात हंगामातले असे सराव १४ वर आणले, आणि आयव्ही लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटाने, २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातलं टॅकलिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणं) बंदच केलं.

‘सज्ञान आहे, निर्णय त्याचा’

शाळेतला खेळाडू सज्ञान नाही, हे एक. दुसरं, संमतीला माहिती लागते. हजारो माजी खेळाडूंनी एनएफएलवर धोके दडवल्याचा दावा लावला. लीगने चूक कबूल न करता तडजोड केली, आणि दिलेली रक्कम आता १०० कोटी डॉलरच्या वर गेली आहे. माहिती हातात असेल तर लोक निर्णय घेतात. ख्रिस बोरलंडने २०१५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, एकच हंगाम खेळून याच कारणाने एनएफएल सोडली.

तिसरं, निर्णय घ्यायचा कधी? मार बसल्यानंतरच्या आठवड्यात ज्याला विचारायचं, त्याचाच मेंदू दुखावलेला असतो, आणि सामना डोक्यावर असतो. ही बैठक हंगाम संपल्यावर, लक्षणं पूर्ण गेल्यावर घ्या. क्लबचा पगार न घेणारा न्यूरॉलॉजिस्ट, घरचं एक माणूस आणि ती वही समोर असू द्या. डॉक्टरांना ‘खेळू शकतो का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुधा ‘हो’ येतं. विचारा, की गेल्या वेळी २० दिवस लागले आणि त्याआधी ८, तर पुढच्या वेळी काय अपेक्षा ठेवायची.