नाताळच्या लढाया, १९१७: तोफा का गरजल्या नाहीत?

नमस्कार. पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१७ मध्ये, रशियन सैन्यातल्या लात्व्हियन तुकड्यांनी रीगाजवळ जर्मन फळीवर हल्ला केला, त्या लढायांबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. तोफांचा भडिमार न करता हल्ला करायला लावून रशियन सेनापतींनी लात्व्हियन शिपायांना जाणूनबुजून मरायला पाठवलं. जर्मन नाताळात दारू पिऊन पडले होते म्हणूनच पहिली फळी फुटली. आणि 'नाताळची लढाई' ५ जानेवारीला कशी? तोफांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो.

लात्व्हियातल्या रीगा आणि येल्गावा या शहरांच्या मधल्या तिरेल्यू दलदलीत खंदक खणताच येत नाही, थोडं खोदलं की पाणी लागतं. म्हणून जर्मनांनी संरक्षण जमिनीवर उभारलं: ओंडक्यांच्या भिंती, वाळूचा भराव, त्यात मशीनगनच्या जागा आणि पुढे काटेरी तारांच्या रांगा. अशा ठिकाणी आधी तोफा डागल्या तर दोन गोष्टी होतात. शत्रूला हल्ल्याची जागा कळते आणि तो राखीव दळं तिथे आणून ठेवतो. शिवाय गोळ्यांनी गोठलेला थर फुटतो आणि आपल्याच पायदळाला गाळातून जावं लागतं. त्यातून तार नीट तुटतेच असंही नाही, पुष्कळदा ती उडून आणखी गुंतते.

त्यामुळे ५ जानेवारी १९१७ च्या पहाटे, अंधारात, पांढरे डगले घातलेली माणसं तारा कापत पुढे सरकली. हे काम दोघांनी करायचं असतं. एकाने तार खुंटाजवळ घट्ट धरायची, दुसऱ्याने तिथेच कापायची. न धरता कापली तर ताणलेलं टोक झणकारत उडतं आणि आवाज थेट पहारेकऱ्यापर्यंत जातो. पद्धत कामाला आली. जर्मन तट फुटला. ७ जानेवारीला, म्हणजे रशियन पंचांगातल्या नाताळच्याच दिवशी, 'मशीनगन टेकडी'सुद्धा पडली. ती वाळूची एक बुटकी टेकडी, पण सपाट दलदलीत तेवढ्या उंचीवरून सगळा परिसर माऱ्यात येतो.

म्हणजे योजना फसली ती तट फुटल्यानंतर. गोठलेला थर माणसाला पेलतो, तोफेला नाही. त्यामुळे पुढे गेलेल्या तुकड्यांमागे तोफखाना सहज नेता येत नव्हता. आणि भगदाडातून आत घालायला ताजं दळही पुरेसं नव्हतं. रशियाच्या १२व्या सैन्याचे सेनापती राद्को दिमित्रियेव यांच्या हाती जे होतं, त्यातही १७व्या सायबेरियन रेजिमेंटने हल्ल्याला नकार दिला आणि पुढे त्यातल्या अनेकांना लष्करी न्यायालयाने गोळ्या घातल्या. माझ्या मते दोष द्यायचाच तर इथे द्या. राखीव दळाची सोय न करता भगदाड पाडायला निघणं ही खरी बेपर्वाई होती. तोफा गप्प ठेवणं हा त्या योजनेतला सगळ्यांत शहाणा भाग होता. फक्त मुद्दाम मारायला पाठवलं, हे मात्र मला पटत नाही. लात्व्हियन तुकड्या पुढे घातल्या त्या कसलेल्या होत्या आणि स्वतःच्या घरादारासाठी लढत होत्या म्हणून. येल्गावा १९१५ पासून जर्मनांच्या ताब्यात होतं.

पुढे २३ जानेवारीला जर्मनांनी प्रतिहल्ला केला आणि जिंकलेली बरीचशी जमीन परत घेतली, पण टेकडी लात्व्हियनांनी सोडली नाही. कडाक्याच्या थंडीत जखमी माणूस बर्फात पडून राहिला की तासाभरात जायचा. दोन्ही टप्पे मिळून लात्व्हियनांचे मृत, जखमी आणि बेपत्ता सुमारे ९,००० होतात. एवढ्या लहान समाजाला हा घाव फार मोठा होता, आणि त्या रेजिमेंटांमधला संताप १९१७ मध्ये त्यांना क्रांतिकारक बोल्शेविकांकडे घेऊन गेला, ते तुम्ही जाणताच.

राहिली तारीख. रशियन साम्राज्य तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग पाळत होतं आणि ते १३ दिवस मागे होतं, म्हणजे ५ जानेवारी तिथे २३ डिसेंबर होती. जर्मनांचा नाताळ होऊन ११ दिवस उलटले होते, मग दारूची गोष्ट कुठून आली? बेसावध ते होतेच, पण आपल्या सणाच्या तोंडावर रशियन फौज हल्ला करणार नाही, असं धरून चालल्यामुळे.